चंद्रपूरच्या बायकांना कुणी विचारलं?

२७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठवली. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, खाटा आणि ऑक्सिजनसाठी वणवण करून थकलेली घरं अजून सावरली नव्हती, आणि तेवढ्यात सहा वर्षांपूर्वीचा हा निर्णय मोडून काढण्याची निकड सरकारला वाटली. जुलैमध्ये दुकानं उघडली. त्या निर्णयाच्या समर्थनासाठी जे युक्तिवाद झाले ते आता चंद्रपूरपुरते राहिलेले नाहीत. गडचिरोलीची बंदी उठवा म्हणणारे तेच बोलतात, वर्ध्याबद्दल तेच बोललं जातं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही त्यांतलेच दोन-तीन मुद्दे पुन्हा कामाला आले. वर्तमानपत्रांत आणि शहरी सुशिक्षितांच्या बैठकीत ते इतक्या सहज उच्चारले जातात की ते तपासून घ्यावेत असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, म्हणून हा लेख.

समोरच्याची बाजू आधी धडपणे मांडली पाहिजे. बंदीचे विरोधक म्हणतात, बंदी कागदावरच राहिली. गल्लीबोळांत दारू मिळत होती, ती महाग होती आणि बऱ्याचदा बनावट होती. गुन्हे वाढले, बायका-पोरं या धंद्यात ओढली गेली, सरकारचा महसूल बुडाला, हप्तेखोरी बोकाळली. शिवाय प्रौढ माणसाने काय प्यावं हे सरकारने का ठरवावं? व्यसन कायद्याने सुटत नसतं, त्यासाठी प्रबोधन करावं लागतं. यातला एकही मुद्दा हवेतला नाही. वणीकडून, नागपुरातून, तेलंगणातून चंद्रपुरात दारू येत होती हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वाद त्या वस्तुस्थितीबद्दल नाही. त्या वस्तुस्थितीवरून ‘म्हणून दुकानं उघडा’ हा निष्कर्ष निघतो का, याबद्दल आहे. माझ्या मते तो निघत नाही.

सरकारच्या हातातला सगळ्यांत वजनदार आकडा गुन्ह्यांचा होता. बंदीआधीच्या २०१० ते २०१४ या पाच वर्षांत जिल्ह्यात दारूचे १६,१३२ गुन्हे नोंदले गेले होते. बंदीनंतरच्या २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत ४०,३८१. म्हणजे जवळपास अडीच पट. एवढं ऐकलं की बंदीनेच जिल्हा नासवला असं कुणालाही वाटेल. पण हा आकडा नेमकं काय मोजतो? ३१ मार्च २०१५ रोजी परवान्याच्या दुकानातून बाटली विकणारा माणूस व्यापारी होता. १ एप्रिलला तीच बाटली विकणारा आरोपी झाला. काल जे कायदेशीर होतं ते आज गुन्हा ठरवल्यावर गुन्ह्यांची नोंद वाढणारच, त्यात नवल काय? भारतीय दंड संहितेत ४९८अ कलम १९८३ साली आलं. त्याआधी त्या कलमाखाली एकही गुन्हा नव्हता आणि नंतर हजारोंनी नोंदले गेले. म्हणून सासरचा छळ १९८३ पासून सुरू झाला असं कुणी म्हणत नाही, आणि कलम काढून टाकलं की छळ थांबेल असंही कुणी म्हणत नाही. दारूच्या बाबतीत मात्र हाच तर्क मंत्रिमंडळाच्या टेबलावर ठेवला गेला आणि तो चालून गेला.

त्याच आकड्यातली दुसरी बाजू कुणी वाचलीच नाही. बंदी नसताना, देशीची दुकानं आणि बिअर बार राजरोस उघडे असताना, जिल्ह्यात पाच वर्षांत १६ हजारांवर गुन्हे घडले होते. वर्षाला तीन हजारांहून जास्त. म्हणजे परवाना असलेली दारू मुबलक असतानाही अवैध दारू होतीच. अवैध दारू हा बंदीचाच परिणाम असेल, तर हे १६ हजार गुन्हे कुठून आले?

बंदी फसली की नाही हे ठरवायचं तर मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पिणारे पुरुष किती कमी झाले, पिणाऱ्यांचं पिणं किती घटलं, घरातला किती पैसा दारूत जायचा थांबला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अशी पाहणी केली, आणि बंदीनंतरच्या काळात चंद्रपुरात पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण आणि दारूवरचा खर्च दोन्ही उतरल्याचं तीत दिसलं. दारू संपली असं ती पाहणी म्हणत नाही. ती कमी झाली, एवढंच म्हणते. खून करू नये असा कायदा असूनही खून होतात, आणि तो कायदा फसला असं आपण म्हणत नाही, कारण कायद्याचं यश आपण शून्यावर मोजत नाही. दारूबंदीकडूनच तेवढी शून्याची अपेक्षा का?

बायकांच्या सहभागाचा मुद्दा जास्त गंभीर आहे, त्यामुळे त्याला थोडं थांबून उत्तर दिलं पाहिजे. बंदीआधी अशा गुन्ह्यांत १,७२९ महिला होत्या, बंदीच्या काळात ४,०४२ झाल्या. हे वाचून मलाही वाईट वाटतं. पण या बायका कोण आहेत? अवैध धंद्याची ही सगळ्यांत खालची पायरी. ट्रकभर माल जिल्ह्याच्या सीमेपार आणणारा, गोदाम भाड्याने घेणारा, चौकीत पैसे पोचवणारा वेगळा असतो. पिशवीत चार पव्वे लपवून नेणारी ही त्याची हमाल. पकडायची वेळ आली की तीच सापडते, कारण तिच्यामागे कुणी नाही. यावर उपाय दोनच होते. वरच्याला पकडायचं, आणि हिला दुसरं काम द्यायचं. सरकारने तिसराच उपाय काढला: धंदाच परवानाधारकांच्या हाती परत दिला. त्या परवान्यांत या चार हजार बायकांपैकी किती जणींना वाटा मिळाला? कुणाला मिळणार होता? तिचा उल्लेख निर्णयाच्या समर्थनापुरता झाला, निर्णयाच्या लाभात ती कुठेच नाही.

आता महसूल. बंदीमुळे राज्याचं १,६०६ कोटींचं उत्पादन शुल्क आणि ९६४ कोटींचा विक्रीकर बुडाला, असं सांगितलं गेलं. दोन्हींची बेरीज २,५७० कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांच्या आसपास. भागाकार करून पाहा. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीपर्यंत, माणशी अकरा हजारांहून जास्त रुपये. आणि हा फक्त कर. दारूची किंमत, दुकानदाराचा नफा, कंपनीचा नफा त्याच्यावर. हा पैसा आकाशातून पडणार नव्हता. तो घुग्घुसच्या कोळसा खाणीतल्या कंत्राटी मजुराच्या पगारातून, बल्लारपूरच्या कागद गिरणीतल्या कामगाराच्या घरातून, मूल-सावलीकडच्या धान शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातून येणार होता. सरकार ज्याला ‘बुडालेला महसूल’ म्हणतं, तो या घरांच्या हिशेबात वाचलेला पैसा आहे. सगळा वाचला असं मी म्हणत नाही, त्यातला काही चोरट्या दारूत गेलाच. पण जो गेला नाही तो तांदळात, वहीत, औषधात गेला, आणि त्यातल्या काहींवर करही बसतोच की.

याच महसुलाचं गणित आज राज्यभर चाललंय. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवताना वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सरकारने बांधला. दारूवरचा कर वाढवायला माझा विरोध नाही. दारू महाग झाली की पिणं कमी होतं, हे जगभर दिसून आलं आहे. पण त्याच मंत्रिमंडळ बैठकीत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा स्वस्त प्रकार आणायचं ठरलं. कर वाढवून पिणं कमी करायचं असेल, तर स्वस्त दारूचा नवा वर्ग कशासाठी? ज्या राज्यात बहिणीच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा होतात, त्याच राज्याची तिजोरी तिच्या नवऱ्याने आणि मुलाने किती ढोसली यावर अवलंबून असावी, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी. व्यसनाच्या मोबदल्यात शाळा-दवाखाने चालवणारं सरकार व्यसन कमी व्हावं अशी इच्छा मनापासून धरूच शकत नाही. म्हणून महसुलाचा मुद्दा मला साधा आर्थिक मुद्दा वाटत नाही. सरकारची नियत तिथे कळते.

विषारी दारूचा मुद्दा नेहमी भीती घालण्यासाठी येतो: बंदी घाला आणि माणसं मरतील. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. मालवणी मुंबईत आहे. तिथे बंदी नव्हती, परवान्याची दुकानं हाकेच्या अंतरावर होती. त्याआधी २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीत ऐंशीहून अधिक मेले, तेही मुंबईतच. २०२० च्या जुलैअखेरीस पंजाबात तरनतारन आणि आसपासच्या जिल्ह्यांत शंभरावर मेले, तिथेही दारू कायदेशीर. जून २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या कल्लकुरिचीत साठाहून जास्त माणसं गेली, आणि तामिळनाडूत तर सरकारच दुकानं चालवतं. दुसऱ्या बाजूला गुजरात आणि बिहार आहेत. तिथे बंदी आहे आणि तिथेही बोटादला, सारणला माणसं मेली आहेत. हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर एकच गोष्ट कळते. ज्याच्याकडे दुकानातल्या बाटलीचे पैसे नाहीत तो हातभट्टीवर जातो, आणि हातभट्टीवाला मिथेनॉल मिसळतो, कारण ते स्वस्त आहे. बंदी असो वा नसो. या मृत्यूंना गरिबी, नफेखोरी आणि झोपलेली यंत्रणा जबाबदार आहे. ते मृतदेह दारूबंदीच्या नावावर मांडणं खोटेपणा आहे.

हे सगळं बोलून झालं तरी मूळ गोष्ट राहतेच: ही बंदी आणली कुणी होती? शहरी चर्चेत अशी समजूत असते की कुणा सोवळ्या गांधीवाद्याने किंवा मतांच्या मागे लागलेल्या मंत्र्याने ती वरून लादली. चंद्रपूरची बंदी खालून वर आली होती. ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने ही मागणी लावून धरली. जिल्ह्यातल्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरला, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर पायी चालत गेल्या. चिमूर म्हणजे १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारला हादरा देणारं गाव. तिथून निघालेल्या या बायकांपैकी बहुतेक शेतमजूर होत्या, त्यांचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडाला, आणि तरी त्या थंडीत चालल्या. त्यानंतर तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिने बंदीची शिफारस केली. पुढे सरकार बदललं, जानेवारी २०१५ मध्ये निर्णय झाला आणि १ एप्रिलपासून बंदी लागू झाली. पायी मोर्चापासून अंमलापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ लागला. उठवण्याची प्रक्रिया मात्र आढावा, समिती, अहवाल असं सगळं धरून दीड वर्षात आटोपली.

बंदी उठवावी म्हणून जिल्ह्यातून अडीच लाखांवर निवेदनं आली होती, असं सांगण्यात आलं. निवेदन म्हणजे सही. ती कुणासमोर, कुणी दिलेल्या छापील कागदावर, कुणाच्या सांगण्यावरून झाली हे निवेदन सांगत नाही. गावात ज्याच्या शेतावर कामाला जायचं त्याने कागद पुढे केला तर सही न करणं किती जणांना परवडतं, हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. गावातलं दुकान बंद करायचं असेल तेव्हा आपलंच सरकार सहीवर विश्वास ठेवत नाही. २००८ च्या नियमाप्रमाणे आधी पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान व्हायचं. उभी बाटली की आडवी बाटली. आणि दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं पुरेशी नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई कामासाठी परगावी गेली, जी आजारी पडली, जी मेली पण यादीतून नाव निघालं नाही, त्या सगळ्यांची मतं दुकानाच्या बाजूने धरली जातात. आमदाराला निवडून यायला एवढी अट नाही. एक दुकान बंद करायला बाईने एवढ्या परीक्षा द्यायच्या, आणि अख्ख्या जिल्ह्यातली दुकानं उघडायला मात्र तिला एकदाही मतपेटीपाशी बोलवायचं नाही! चंद्रपुरात बंदी उठवण्याआधी महिलांचं गुप्त मतदान झालं नाही. बंदी उठवण्यावरचा माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे, आणि त्याला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

दारूला विरोध म्हणजे गांधींचा जुनाट हट्ट, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. १८८० च्या जुलैमध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. शूद्रातिशूद्रांच्या संसाराची राखरांगोळी कशाने होते हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि इंग्रज सरकार त्यातून पैसा कमावतंय हेही. तेव्हा गांधी अकरा वर्षांचेही झाले नव्हते. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा दुकानदाराचा हक्क हा मुद्दा कायद्याने निकालात निघालेला आहे.

राहिला पिणाऱ्याचा हक्क. माझ्या परिचयातली पुष्कळ सुजाण माणसं हा मुद्दा मनापासून मांडतात, आणि मी तो हलका मानत नाही. प्रौढाच्या ताटात आणि पेल्यात सरकारने डोकावू नये, हे तत्त्व चांगलं आहे. पण ज्या घरांबद्दल आपण बोलतोय तिथे पेला एकट्याचा नसतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या विवाहित स्त्रियांना विचारलं गेलं. ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात त्यांच्यापैकी ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांचे नवरे पीत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के होतं. न पिणारेही मारतात, हे त्या २३ टक्क्यांत दिसतंच, दारू हे हिंसेचं एकमेव कारण नाही. पण २३ आणि ७० यांच्यामध्ये जे अंतर आहे तेवढ्या बायकांच्या अंगावरचे वळ कुणाच्या स्वातंत्र्याच्या खात्यात मांडायचे? शिवाय व्यसनाच्या अवस्थेत पोचलेल्या माणसाकडे निवड उरलेली नसते. पहाटे हात थरथरतात म्हणून पहिला घोट घेणारा माणूस स्वातंत्र्य उपभोगत नसतो. दुकान जितकं जवळ, तितका त्याचा सुटण्याचा मार्ग लांब. पुण्या-मुंबईत महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर बसणाऱ्याच्या सोयीसाठी राजुऱ्याच्या मजुराच्या घरासमोर दुकान असावं, हा स्वातंत्र्याचा विचार अपुरा आहे. आणि त्या महिन्यातून दोनदा बसणाऱ्यालाही जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही.

अमेरिकेचा दाखला हटकून दिला जातो: १९२० ते १९३३, बंदी, माफिया, अल कपोन, माघार. माफिया खरा आहे. पण त्या काळात तिथलं पिणं सुरुवातीला आधीच्या तीस टक्क्यांपर्यंत घसरलं आणि नंतर वाढूनही साठ-सत्तर टक्क्यांच्याच घरात राहिलं, यकृताच्या सिऱ्हॉसिसचे मृत्यू उतरले, हेही अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. ते सांगायला कुणी तयार नसतं.

जवळचा दाखला बिहारचा. तिथे एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या दक्षिण-पूर्व आशियाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने शेजारच्या राज्यांशी तुलना करून अंदाज बांधला की बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे २४ लाखांनी कमी राहिले आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेच्या २१ लाख घटना टळल्या. त्याच बिहारने एक मोठी चूकही केली. पिणाऱ्यालाच तुरुंगात टाकलं. गरिबांनी तुरुंग भरले, जामिनाच्या अर्जांनी न्यायालयं तुंबली, सरन्यायाधीशांना जाहीरपणे बोलावं लागलं आणि सरकारला कायदा दोनदा सौम्य करावा लागला. यातून शिकायचं ते स्पष्ट आहे. विकणाऱ्याला रोखा, पिणाऱ्याला रुग्ण माना.

गडचिरोलीवरचा आक्षेप मात्र विरोधकांचा सगळ्यांत जोरकस आक्षेप आहे. तिथे १९९३ पासून बंदी आहे, आणि तरी पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण राज्याच्या १३.९ टक्के या सरासरीहून बरंच जास्त आहे. मग तीस वर्षांत मिळवलं काय? माझं उत्तर: गडचिरोलीची तुलना साताऱ्याशी किंवा राज्याच्या सरासरीशी करून हा प्रश्न सुटत नाही. मोहफुलाची दारू घरी गाळण्याची जुनी रीत असलेला, जंगलाने व्यापलेला हा आदिवासी जिल्हा आहे. बंदी नसती तर हे प्रमाण किती असतं, ही खरी तुलना. आणि मोहाची घरगुती दारू व देशीच्या दुकानातली दारू यांत फरक केलाच पाहिजे. देवाला आणि लग्नाला लागणारी मोहाची धार हा जिल्ह्याला बुडवणारा प्रश्न नाही, विकण्यासाठी गाळलेले पिंप आणि बाहेरून येणारी खोकी हा आहे. तो फरक गावाला कळतो, पोलिस चौकीला कळत नाही. म्हणून २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ‘सर्च’ यांनी मिळून चालवलेलं ‘मुक्तिपथ’ महत्त्वाचं आहे. गावागावांत संघटना, बायकांनी स्वतः ठरवलेली गावबंदी, विक्रेत्याला आधी समज आणि मग पोलिस, आणि सोबत तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीचं क्लिनिक. कायदा, गाव आणि उपचार एकत्र. चंद्रपुरात सहा वर्षांत यातलं काय झालं? कायदा झाला. गावाच्या हातात काही दिलं नाही, उपचारांची सोय नावापुरती राहिली, पोलिसांचे हप्ते कुणी मोडले नाहीत. अंमलबजावणी न करणाऱ्या सरकारनेच मग जाहीर केलं की अंमलबजावणी होत नाही, म्हणून बंदी उठवतो. अपयश प्रशासनाचं होतं आणि शिक्षा बायकांना झाली.

चंद्रपूर उघडल्याने गडचिरोलीचं काय झालं, तेही पाहा. २०१५ ते २०२१ या काळात वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली असा सलग बंदीचा पट्टा तयार झाला होता. आता वैनगंगेच्या अलीकडे व्याहाडपर्यंत दारू कायदेशीर आहे आणि पूल ओलांडला की गडचिरोली. मग गडचिरोलीत दारू येते म्हणून तिथली बंदी फसली असा पुढचा युक्तिवाद तयार. चंद्रपूरला वणीचा दाखला, गडचिरोलीला चंद्रपूरचा. अशी एकेक वाट उघडत न्यायची आणि प्रत्येक वेळी दोष बंदीवर टाकायचा.

‘कायद्यापेक्षा प्रबोधन करा’ हे वाक्य मला आता सहन होत नाही. प्रबोधन कुणी करायचं? सोड्याच्या नावाखाली दारूची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांसमोर चार पथनाट्यं आणि शाळेतली एक शपथ? जागतिक आरोग्य संघटनेने दारूविरोधी उपायांत सर्वांत परिणामकारक म्हणून तीन गोष्टी निवडल्या आहेत: कर वाढवणं, जाहिरातींवर बंदी आणि दारूची उपलब्धता कमी करणं. प्रबोधन त्या तिन्हींत नाही. आणि उपचार म्हणाल, तर केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात पावणेसहा कोटींच्या आसपास माणसांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदत हवी आहे, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकाला कसलीतरी मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० जणांत एकाला. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हापासून व्यसनी माणूस रुग्ण आहे हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ठाऊक असून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तशी सोय का उभी राहिली नाही? दुकानांना परवाने देणारा विभाग जितका तत्पर असतो, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी आरोग्य विभाग या कामी तत्पर दिसला असता, तर ‘प्रबोधन आणि उपचार’ या शब्दांवर विश्वास ठेवता आला असता.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आणि प्रभागात महिला मतदारांचं गुप्त मतदान घ्या, आमदाराच्या निवडणुकीला लागते तेवढ्याच बहुमताने, एकाच प्रश्नावर: दारूची दुकानं हवीत की नकोत. मतदानाआधी सहा महिने प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग सुरू करा. निकाल दुकानांच्या बाजूने लागला तर बंदी मागणाऱ्या सगळ्यांनी, मीसुद्धा, तो निमूट मान्य करावा. विरुद्ध लागला तर सरकारने तो मान्य करावा आणि या वेळी अंमलबजावणीही करावी. बंदी उठवणं लोकांच्याच इच्छेने झालं असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी या मतदानाला हरकत घ्यायचं काही कारण नाही. वाचकांपैकी जे चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळचे आहेत त्यांनी आपापल्या आमदाराला एवढंच लेखी विचारावं: तुम्ही या मतदानाच्या बाजूने आहात का? उत्तर हो किंवा नाही असं एकाच शब्दात मागावं आणि ते गावाच्या फळ्यावर लिहून ठेवावं.